शाळा व्यवस्थापन समिती: सहीच्या पुढे काय असतं?

मूल जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत असेल, तर हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. चौथीतलं एखादं पोरगं वही घेऊन दारात येतं, "सरांनी सही मागितलीय" म्हणतं. घरातलं कुणीतरी पिठाचा हात पुसून, बोट दाखवलं त्या जागी सही करतं आणि वही परत जाते. ती वही म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग बुक. त्या एका सहीने कागदावर पुष्कळ काही घडलेलं असतं. बैठक झाली, कोरम होता, आलेल्या अनुदानाचा खर्च वाचून दाखवला, सर्वानुमते मंजूर झाला.

यात दरवेळी काही घोटाळा असतो असं नाही. बहुतेक वेळा मुख्याध्यापकांना वरून माहिती मागितलेली असते आणि मजुरीच्या दिवसांत पालक दुपारी बैठकीला येऊ शकत नाहीत. पण ज्या समितीला कायद्याने शाळेवर लक्ष ठेवण्याचा हक्क दिला, तिचं काम सहीपाशीच संपतं. म्हणून या समितीचे अधिकार कोणते आणि कोणते नाहीत, हे एकदा नीट समजून घेऊ.

कायदा काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा. तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीबद्दल आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळायला हवी. म्हणजे पारधी वस्तीतून किंवा ऊसतोड कामगारांच्या घरांतून मुलं शाळेत येत असतील, तर त्यांचे आईबाप समितीत असणं ही कुणाची मेहरबानी नव्हे, कायद्याची अट आहे. ही अट सर्वांत सर्रास मोडली जाते, असं माझं मत आहे.

महाराष्ट्रात जून २०१० च्या शासन निर्णयाने बाकीचा तपशील ठरला. सदस्य सचिव सोडून १२ ते १६ सदस्य. पालकांशिवाय स्थानिक लोकप्रतिनिधी एक, शिक्षक एक, गावातला शिक्षणाची जाण असलेला माणूस एक. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच. मुख्याध्यापक हे सदस्य सचिव, म्हणजे बैठक बोलवायची, इतिवृत्त लिहायचं, कागद सांभाळायचे. बैठक दर महिन्याला आणि समितीची पुनर्रचना दर दोन वर्षांनी. शासन निर्णय अधूनमधून बदलतात, तेव्हा चालू निर्णयाची प्रत मुख्याध्यापकांकडे मागून घ्यावी.

खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याचा मुख्य विषय फी असतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत आणि बाकीच्या सगळ्या अनुदानित शाळांत ही समिती २०१२ च्या दुरुस्तीनंतर फक्त सल्ला देते. इथून पुढे आपण सरकारी शाळेबद्दलच बोलू.

पालकांना हे स्थान मिळायला बराच काळ जावा लागला. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे बाराव्या वर्षापर्यंतचं शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पोरांना गुरांमागे धाडणाऱ्या बापाला तेव्हा धाक दाखवावा लागत होता. २००९ च्या कायद्यातही मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्यच आहे, पण दंड नाही. शिवाय त्याच पालकाला समितीच्या अध्यक्षाची खुर्चीही दिलेली आहे.

अधिकार तीन, त्यातला एक विसरलेला

कलम २१ मध्ये समितीची तीन कामं स्पष्ट लिहिली आहेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं, आणि शाळेला कुठूनही आलेल्या पैशाच्या वापरावर देखरेख करणं.

लक्ष ठेवणं म्हटलं की गावात लगेच गुरुजींवर पाळत असा अर्थ निघतो. गुरुजी किती वाजता आले, बाई वर्गात मोबाइल बघत होत्या का. शिक्षक वेळेवर आणि नियमित येतात का, हे बघणं समितीच्या कामात येतंच. मात्र शिक्षकाची नेमणूक, बदली, निलंबन यांतलं काहीही समितीच्या हातात नाही, ते जिल्हा परिषदेचं किंवा महापालिकेचं काम. आणि कायद्याखालच्या केंद्राच्या नियमांत समितीवर आणखी एक जबाबदारी आहे, ती कुणी सांगत नाही: शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा बोजा पडत नाही ना, हे पाहणं. कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला शिक्षक लावता येत नाही. तरी महिन्यातले किती दिवस तुमच्या शाळेतले सर ऑनलाइन माहिती भरत बसतात, ते विचारून बघा. दोनशिक्षकी शाळेतले एक सर तालुक्याला बैठकीला गेले की दुसऱ्या सरांपुढे चार वर्ग असतात. 'आमच्या शाळेतले शिक्षक वर्गाबाहेर जास्त दिवस असतात' असा तारखांसह ठराव समितीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला, तर तो शिक्षकाच्या तक्रारीपेक्षा जड ठरतो. शिक्षक बोलला तर तो कामचुकार ठरतो, पालक बोलले तर ती मागणी ठरते.

आराखडा हा मात्र खरा विसरलेला अधिकार. कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि त्याच्याच आधारावर सरकारने अनुदानाचं नियोजन करायचं. केंद्राच्या नियमांत तो तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी व्हायला हवा, म्हणजे डिसेंबरच्या आत. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवला जातो.

तो खरोखर करायचा असेल तर कायद्याची अनुसूची समोर ठेवावी. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अपंग मुलाला विनाअडथळा आत येता येईल असा रस्ता, मैदान, कुंपण, आहार शिजवायला खोली. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस शाळा, सहावी ते आठवीला २२०. ही यादी हातात घेऊन शाळेभोवती एक फेरी मारली की आराखडा अर्धा तयार होतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे त्यातलं काय आधी आणि काय नंतर, आणि तिथे समितीतल्या बायकांचं ऐकावं. स्वच्छतागृहाला दार आणि आत पाणी हवं की पुढच्या भिंतीला रंग, यावर त्यांचं उत्तर ठाम असतं.

पैसा कुठून येतो

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, त्यापुढे १,००० पटापर्यंत ७५,०००. हे वर्षाचं. खडू, फळ्याचा रंग, नळाची तोटी, वीजबिल सगळं त्यातच, आणि निदान दहा टक्के स्वच्छतेवर. पंधरा मुलांच्या वाडीवरच्या शाळेला वर्षाला दहा हजार म्हणजे महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये. हे अनुदान हप्त्यांनी आणि उशिरा येतं, तोवर मुख्याध्यापक खिशातून चालवतात. बैठकीत खर्चाचा हिशेब मागताना हेही लक्षात असू द्यावं. हिशेब मागावाच, पण चोर पकडल्याच्या आविर्भावात नको.

पैशाच्या बाबतीत समिती असण्या-नसण्याने काय फरक पडतो, याचं ताजं उदाहरण गणवेशाचं. समग्र शिक्षातून मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये मिळतात. पूर्वी गणवेश घ्यायचं काम समितीकडे होतं. रंग, कापड, शिंपी सगळं गावात किंवा तालुक्याच्या बाजारात ठरायचं. त्यातही तक्रारी होत्याच, कधी कापड हलकं, कधी दुकानदार अध्यक्षाच्या नात्यातला. मग २०२४–२५ साठी राज्याने 'एक राज्य एक गणवेश' आणला. कापडाची खरेदी वरून आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून. कागदावर हे नीटनेटकं दिसत होतं. प्रत्यक्षात जूनमध्ये शाळा उघडली तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचले नव्हते, आणि पोचले तिथे कुणाच्या बाह्या कोपराखाली लोंबत होत्या, कुणाला चड्डी चढत नव्हती. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५–२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं.

समिती भ्रष्ट होऊ शकते, आळशी होऊ शकते. पण तिसरीतली मुलगी यंदा किती उंच झाली, हे मुंबईत बसून कळत नाही. शिवाय गावातल्या शिंप्याने वाईट शिवलं तर त्याच्या दारात जाऊन भांडता येतं. तुमच्या शाळेत यंदा गणवेश कुणी ठरवला, दर किती लागला, बिल कुठे आहे, हे तीन प्रश्न कोणताही पालक विचारू शकतो.

आहाराचंही तसंच आहे. २०२१ पासून या योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण, गावाच्या तोंडी अजून 'खिचडी'. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण ठरलेलं आहे. म्हणजे चाळीस मुलं हजर असतील तर चार किलो तांदूळ आणि आठशे ग्रॅम डाळ पातेल्यात पडायला हवी. एवढा हिशेब कुठल्याही आईला येतो, तिला त्यासाठी प्रशिक्षण लागत नाही. जेवण वाढण्याआधी शिक्षकाने आणि शक्यतो पालकाने चव घ्यायची असते, त्याची नोंद चव रजिस्टरला होते. समितीतल्या आयांनी वार वाटून घेतले तर महिन्याला एकीच्या वाट्याला तीन-चार फेऱ्याच येतात. डाळीचं वरण पातळ झालं की घट्ट व्हायला इतकं पुरतं.

आधार कार्ड आणि शिक्षकाचं पद

हे थोडं तांत्रिक आहे, पण सगळ्यांत उपयोगाचं. शाळेला किती शिक्षक मिळायचे हे दरवर्षी संच मान्यतेत ठरतं आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. अलीकडे मूल नुसतं पटावर असून भागत नाही, त्याचं आधार प्रणालीत जुळलेलं लागतं. नावातली एक वेलांटी किंवा जन्मतारखेचा एक आकडा चुकला की मूल वर्गात बसलेलं असतं, पण मोजणीत येत नाही. साठ-एकसष्टच्या काठावरच्या शाळेत अशी दोन मुलं गळली की तिसरा शिक्षक जातो.

शिक्षक याद्या घेऊन घरोघर फिरतात ते यासाठी. दाखला आणि आधार घेऊन केंद्रावर जाऊन दुरुस्ती करणं फक्त पालकालाच शक्य असतं. जुलै-ऑगस्टच्या बैठकीत 'कुणाकुणाचं आधार जुळलेलं नाही' ही यादी वाचायला लावली आणि त्या घरांचं काम सप्टेंबरआधी उरकलं, तर समितीने वर्षभराचं मोठं काम केलं असं खुशाल समजावं.

समिती असून शाळा का सुधारत नाही

यावर अभ्यास झालेला आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५–०६ च्या सुमारास अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या रुक्मिणी बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ग्राम शिक्षण समित्यांची पाहणी केली. दहातल्या नऊहून जास्त पालकांना अशी समिती आहे हेच माहीत नव्हतं. सदस्यांपैकीही जवळजवळ पाव लोकांना आपण सदस्य आहोत याची खबर नव्हती. मग काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावले. काही गावांत लोकांना मुलांचं वाचन तपासायला शिकवलं, म्हणजे आपली पोरं कुठे आहेत ते त्यांनाच दिसावं. सभा छान झाल्या, लोक बोलले. नंतर मोजलं तर समित्यांचा सहभाग, शिक्षकांचं काम, मुलांचं शिक्षण, कशातच फरक नव्हता.

फरक पडला तो तिसऱ्या प्रकारच्या गावांत. तिथे गावातल्याच तरुणांना वाचायला शिकवण्याची सोपी पद्धत दाखवली आणि त्यांनी फुकट वाचन वर्ग चालवले. जी मुलं त्या वर्गांना गेली ती वाचायला लागली. शाळेच्या कारभारावर त्याचाही परिणाम झाला नाही, पण मुलं वाचू लागली.

यावरून माणसं बेफिकीर असतात असा अर्थ मी काढणार नाही. 'शाळा सुधारा' हे काम कुठे धरून उचलायचं तेच कळत नाही. 'मंगळवारी संध्याकाळी पाच पोरांना तासभर वाचायला बसवा' हे कळतं. महाराष्ट्रात २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी मेळाव्यांतून माता गट झाले ते याच अंगाने जाणारे. पाच-सहा आयांनी एकत्र बसून पहिलीत जाणाऱ्या पोरांकडून घरातल्याच वस्तूंनी मोजणं, जुळवणं, गोष्ट सांगणं असं काहीतरी करून घ्यायचं. ज्या आईला स्वतःला अक्षर येत नाही, तीही मुलाला चमचे मोजायला लावू शकते. शाळेत कमी शिकलेल्या पालकाला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर ते माता गटांनी.

दुसरा अभ्यास इंडोनेशियातला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे शाळा समित्यांना नुसतं अनुदान किंवा नुसतं प्रशिक्षण देऊन विशेष काही हाती लागलं नाही. समितीची गावच्या परिषदेशी सांगड घातली, तिथे मुलांचे भाषेचे गुण वाढले. आपल्याकडे याचा सरळ अर्थ ग्रामपंचायत. समितीकडे पैसा नसतो, ग्रामपंचायतीकडे असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांसाठी राखलेला होता. शाळेतलं पाणी आणि शौचालय त्यात सहज बसतं, पण गावच्या विकास आराखड्यात ते काम आधी लिहिलेलं असेल तरच. म्हणून समितीचा ठराव शाळेच्या कपाटात न ठेवता ग्रामसभेत न्यायचा. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात आणि प्रत्येकीच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. शाळेच्या शौचालयाचा विषय त्या महिला सभेतून पुढे आला तर सरपंचाला तो टाळणं अवघड जातं.

लोकवर्गणीचं काय

महाराष्ट्रात शाळेसाठी लोक देतात, हे खरंच कौतुकाचं आहे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेचं नाव लोकसहभागातून सगळीकडे गेलं. प्रोजेक्टर, टॅब, बोलक्या भिंती कितीतरी गावांनी वर्गणीतून केल्या. पण मला यात एक खटकतं. ज्या गावात पाणी आहे, ऊस आहे, पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली माणसं आहेत, तिथे वर्गणी जमते. सातपुड्यातल्या पाड्यावर कोण कुणाकडे मागणार? जी गोष्ट कायद्याच्या अनुसूचीत आहे, म्हणजे वर्गखोली, पाणी, शौचालय, तिच्यासाठी वर्गणी काढू नये असं मला वाटतं. ती मागावी, लेखी मागावी आणि पुन्हा मागावी. वर्गणी वाचनालयाच्या पुस्तकांना, सहलीला, ढोल-लेझीमला वापरावी. आणि वर्गणी दिली नाही म्हणून कुठल्या मुलाचं नाव फळ्यावर येत असेल, तर ती शाळा मोफत राहिलेली नाही.

तक्रार करायची तर

आधी मुख्याध्यापक. मग समितीच्या बैठकीत विषय घेऊन इतिवृत्तात लिहून घ्यायचा. तिथून केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि शेवटी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. कायद्याचं कलम ३२ सांगतं की मुलाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार आली तर स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. मारहाण आणि मानसिक छळ कलम १७ ने बंद आहेत. अशा बाबतीत पायऱ्या मोजत बसू नये, थेट वर जावं. तक्रारीची पोच घ्यावी. फोनवरच्या तक्रारीला तारीख नसते.

एकट्या पालकाला भीती वाटते की उद्या राग मुलावर निघेल. ती भीती खोटी नाही. म्हणूनच विषय एकट्याने न नेता समितीतून न्यायचा. ठरावावर बारा सह्या असतात, कुणा एकाचं नाव नसतं.

समितीत यायचं कसं, हे राहिलं. निवड पालक सभेत होते आणि बऱ्याच गावांत ती 'बिनविरोध' उरकते, कारण सभेला पंधरा माणसं असतात आणि नावं आदल्या रात्री पारावर ठरलेली असतात. एकाच शाळेत इतक्या वेगवेगळ्या समित्या झाल्या होत्या की तीच चार नावं सगळीकडे फिरायची. २०२५ मध्ये सरकारनेच त्यांतल्या बऱ्याच एकत्र केल्या. मुदत संपायच्या आधी पालक सभेची लेखी सूचना घरोघर पोचावी, सभा संध्याकाळी किंवा बाजाराचा दिवस टाळून ठेवावी, एवढी मागणी करायला समितीत असावं लागत नाही. सदस्यत्व मूल त्या शाळेत आहे तोवरच टिकतं. चौथीच्या शाळेत चौथीतल्या मुलाचे वडील अध्यक्ष झाले तर ते जूनमध्ये बाहेर पडतात आणि दोन वर्षांच्या मुदतीतलं एक वर्ष नव्या अध्यक्षाच्या शोधात जातं. पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आया निवडून द्या, त्यांच्याकडे वेळ उरलेला असतो.